मिशनचं देणं

आमचं घराणं धनगराचं. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक, वर्षातून एकदा जेजुरीची वारी. मूळ गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, माझं बालपण अंबरनाथला गेलं आणि आता राहतो बदलापूरला. या तिन्ही ठिकाणी मी जो काही घडलो, त्यात नगर जिल्ह्यातल्या कॅथलिक मिशनचा वाटा फार मोठा आहे. वडिलांच्या अक्षरओळखीपासून माझ्या रोजीरोटीपर्यंत आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर बदलापूरच्या आसपासच्या पाड्यांवर जे थोडंफार काम करतो, त्यापर्यंत. हे ऋण बरीच वर्षं मनातच राहिलं. ज्यांचं देणं लागतो त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत आणि आमच्या घरातल्या नव्या पिढीला त्यांची नावंही ठाऊक नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आजोबांकडे शंभरेक मेंढ्यांचा वाडा होता. दिवाळी झाली की वाडा माळशेज घाट उतरून कोकणात यायचा. मुरबाड, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत शेताला मिळायचं आणि शेतकरी बदल्यात भात द्यायचा. पावसाच्या आधी पुन्हा घाट चढून गावी. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने बिऱ्हाड पाठीवर. अशा घरातल्या मुलाला शाळा कुठली? माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सात-आठ वर्षांचे होईपर्यंत शाळेची पायरी चढलेले नव्हते.

बाजारच्या दिवशी मिशनच्या सिस्टर औषधांची पेटी घेऊन आमच्या भागात यायच्या. आजीच्या हाताला चिघळलेली जखम होती, म्हणून ती त्यांच्याकडे जाऊ लागली. पट्टी बांधता बांधता सिस्टरनी अण्णांची चौकशी केली, पोराला शाळेत का घालत नाही म्हणून विचारलं. आजी म्हणाली, हा शाळेत गेला तर कोकरं कोण राखणार? मोठी माणसं मेंढ्यांमागे रानात जायची आणि नुकती जन्मलेली कोकरं बिऱ्हाडापाशी सांभाळायचं काम पोरांचं. आजीची अडचण खरी होती. सिस्टरनी ती ऐकून घेतली. धाकटा भाऊ कितीचा आहे, त्याला हे काम कधी जमेल, असं विचारलं. आजीनं पुढच्या सालापर्यंत जमेल म्हणून सांगितलं. त्यावर सिस्टर म्हणाल्या, मग मी पुढच्या साली येते. आणि त्या आल्या. अण्णांना त्यांनी संगमनेरला मिशनच्या बोर्डिंगात नेलं.

हा प्रसंग आजीच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या लेखी त्यातली मोठी गोष्ट अण्णांची शाळा नव्हती, सिस्टर सांगितल्याप्रमाणे परत आल्या ही होती. पठारावरच्या माणसांना शब्द देणारे पुष्कळ भेटले होते. मला मात्र या गोष्टीचा अर्थ कळायला नोकरीत मुरावं लागलं.

नगर जिल्ह्यात या मिशनचं, म्हणजे जेझुइट फादरांचं, काम 1878 च्या सुमाराला सुरू झालं. 1876 ते 1878 चा तो थोरला दुष्काळ. राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळण भागात पहिलं ठाणं झालं, मग संगमनेर, राहाता, हरेगाव असा पसारा वाढला. फादर बहुतेक जर्मन होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्यांना नजरकैदेत ठेवलं, पुढे मायदेशी धाडलं आणि उभं केलेलं काम विस्कटलं. नंतर स्वित्झर्लंडमधले फादर आले, हळूहळू आपल्याकडचे तयार झाले. 1886 पासून हा सगळा भाग पुणे धर्मप्रांतात होता, 1987 मध्ये नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला. देश बदलले, राज्यं बदलली, माणसं बदलली, पण खेड्यांतलं काम चालू राहिलं.

धर्मांतराचा विषय टाळून हे लिहिणं बरं नव्हे. मिशनच्या आसऱ्यानं त्या काळी महार आणि मांग समाजातली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, ज्यांच्या पोरांना शाळेत दाराबाहेर बसवलं जात होतं, त्यांना कुणीतरी ओट्यावर बसवून घेतलं, नावानं हाक मारली, पाटी हातात दिली. त्यांनी काय निवडलं आणि का, याचा निवाडा करायचा अधिकार माझा नाही. आमच्या घरापुरतं सांगतो. अण्णा बोर्डिंगात मॅट्रिकपर्यंत राहिले. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहत. सुट्टीत गावी आले की बिरोबाला भंडारा वाहत. त्यांना कुणी कधी यावरून टोकलं नाही आणि धर्म बदल म्हणूनही सांगितलं नाही. अण्णा पुढे आयुष्यभर हरेगावच्या मातमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जात राहिले. 1949 पासून भरणाऱ्या या यात्रेत नगर-नाशिक-औरंगाबादकडचे सगळ्या जातिधर्मांचे लोक नवस फेडायला येतात, त्यांतलेच ते एक.

बोर्डिंगाबद्दल अण्णा थोडंच सांगत. पहाटे उठून आडाचं पाणी शेंदायचं, झाडांना घालायचं, मग अभ्यास. जेवायला भाकरी आणि कालवण, कधी दुधाच्या भुकटीचं दूध. एक गोरे फादर रात्री कंदील घेऊन फिरायचे आणि पांघरूण सरकलेल्या पोरांच्या अंगावर ओढून घालायचे. त्यांचं मराठी अडखळतं होतं, पण हिशेबाच्या वहीतली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्या अक्षरावरच त्यांना अंबरनाथला विम्को या काडेपेटीच्या कारखान्यात काम लागलं. अंबरनाथ त्यांना परकं नव्हतं. वाड्याबरोबर याच रानातून ते कोकरांमागे फिरले होते.

अण्णा अंबरनाथला स्थिरावत होते तोवर 1972 चा दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. आजोबांनी मेंढ्या मिळेल त्या भावानं विकल्या, काही रस्त्यात मेल्या. वाडा संपला. आजी सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्याच काळात मिशननं गावोगाव विहिरी खोदायची, बांध घालायची कामं काढली. कामाला येणाऱ्याला धान्य मिळायचं. आमच्या गावच्या खालच्या अंगाची विहीर अशीच खोदली गेली आणि आजीनं तिच्यातली माती पाटीनं वाहिली. ती विहीर दाखवताना ती नेहमी म्हणायची, ‘ही आपली हिर.’ मालकी शेतकऱ्याची होती, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी वाढलो अंबरनाथच्या चाळीत. आई उल्हासनगरच्या कॅम्पातून शिवणकाम आणायची. शहरात वाढणाऱ्या मुलाला गावचं दैन्य नकोसं वाटतं, तसं मलाही वाटायचं. मिशन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भुकटीचं दूध, जुने कपडे आणि रांगा येत. वडील मिशनच्या बोर्डिंगात शिकले, हे मी मित्रांत सांगत नसे. कुणाच्या तरी उपकारावर आपण उभे आहोत, ही भावना त्या वयात टोचते. उपकार करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये आणखीही एखादं नातं असू शकतं, याची मला कल्पनाच नव्हती.

सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि काही काळ मी इमारतींच्या साइटवर काढला. 1995 साली अण्णा हरेगावच्या यात्रेहून परतले ते एक निरोप घेऊन. बोर्डिंगातले त्यांचे एक जुने सोबती आता पाणलोटाच्या कामात होते आणि तिथे चर-बांधाची आखणी करणारी मुलं हवी होती. अण्णा एवढंच म्हणाले, ‘आपल्याच मुलखातलं काम आहे, जाऊन बघ.’ मी गेलो तो नोकरी म्हणून गेलो.

हे काम ज्यांच्या ध्यासातून उभं राहिलं, ते फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात 1924 साली जन्मलेला हा माणूस 1948 मध्ये, म्हणजे आपलं स्वातंत्र्य वर्षाचं होत असताना, भारतात आला आणि नगरचा झाला. साठच्या दशकात त्यांनी अहमदनगरला सोशल सेंटर सुरू केलं. विहिरी, उपसा सिंचन, शेतकऱ्यांना कर्ज मिळवून देणं, सगळं केलं. आजीच्या पिढीनं मिशनचं पाहिलेलं काम ते हेच. पण पंप वाढले, विहिरी वाढल्या आणि पाणी खाली खाली जात राहिलं. विहीर पाणी काढते, भरत नाही. भरायचं तर डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात केली पाहिजे आणि माथा काही एकट्यादुकट्याचा नसतो. तिथे वनखात्याची जमीन, गायरान, कुणाचं वरकस असं सगळं असतं. म्हणजे पाणी अडवायचं तर आधी गाव एक व्हायला हवं. या विचारातून जर्मनीच्या मदतीनं आणि नाबार्डच्या सहभागानं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. गावं तयार करण्यासाठी फादर बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकारानं 1993 मध्ये वॉटर ही संस्था निघाली.

मी फादर बाखरांना जवळून ओळखत होतो, असं म्हणणार नाही. सभांमध्ये मागच्या रांगेतून पाहिलं, एवढंच. माझी ओळख झाली ती त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीशी. त्या पद्धतीनं मला माणूस केलं, असं म्हटलं तर जास्त होणार नाही.

पैसे आले म्हणून काम सुरू, असं तिथे नव्हतं. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं. भूमिहीनांना त्यातून सूट होती, कारण बांधाचा पहिला फायदा जमीनवाल्याला होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रामसभेनं पाणलोट समितीची माणसं निवडायची, त्यांत बायका हव्यात, सगळ्या वस्त्यांची माणसं हवीत. झाडतोड बंद, मोकाट चराई बंद, हे गावानं स्वतः ठरवायचं. बँकेतलं खातं गावाच्या समितीच्या हाती, संस्थेची सही जोडीला. मी शहरात ठेकेदार पाहिले होते. इथे ज्या म्हाताऱ्याला सही येत नव्हती, तो भर सभेत उभा राहून सिमेंटच्या गोणींचा हिशेब विचारत होता आणि त्याला उत्तर द्यावं लागत होतं.

आखणी मी शिकवायला गेलो आणि शिकून आलो. मला लेव्हलचं यंत्र चालवता यायचं. पण गावात यंत्र एक आणि डोंगर मोठा. मग ए-फ्रेम आली. दोन उंच काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी टाकायची, शेंड्यापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. तिथे फक्कीची चिमूट टाकायची, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुढची चिमूट. अशा पांढऱ्या ठिपक्यांची ओळ डोंगराच्या अंगानं वळत जायची. त्या ओळीवर चर खोदला की पावसाचं पाणी पळत नाही, जागच्या जागी थांबतं आणि मुरतं. शाळेत न गेलेल्या बायका अर्ध्या दिवसात हे शिकल्या. समपातळी रेषा हा शब्द मी तीन वर्षं कॉलेजात ऐकला होता, पण ती डोळ्यांना दिसली ती त्या बायकांच्या मागून चालताना.

ज्या गावात माझी नेमणूक होती, तिथे चराईबंदीचा ठराव चर्चेला आला. जमीनवाल्यांना तो हवाच होता, कारण गवत-झाडं वाढल्याशिवाय माती थांबत नाही. मीही सभेत त्याची बाजू मांडली, नकाशा दाखवला, आकडे सांगितले. सभेच्या कडेला एक म्हातारी बसली होती, जमीन नावापुरतीही नाही, पाच-सहा शेळ्यांवर पोट. तिनं विचारलं, ‘डोंगर बंद झाला तर माझी शेरडं कुठं चारू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गटातले एक वयस्कर कार्यकर्ते होते, मिशनच्या कामात केस पिकलेले. त्यांनी ठराव तिथेच थांबवायला सांगितलं. संध्याकाळी ते त्या म्हातारीच्या झोपडीत जाऊन बसले, मलाही नेलं. बोलले थोडं, ऐकलं पुष्कळ. कुठल्या महिन्यात ती शेळ्या कुठे नेते, पिलं कधी विकते, कर्ज किती आहे. पुढचे बरेच दिवस ते असेच शेळ्यावाल्यांच्या घरोघरी गेले. शेवटी गावानं ठरवलं की डोंगर एकदम बंद करायचा नाही, तुकड्या-तुकड्यानं करायचा. एक भाग बंद असताना दुसरा मोकळा राहील. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांचा. चर खोदायच्या मजुरीत त्यांना आधी घ्यायचं. आणि समितीत शेळ्यावाल्यांचा एक माणूस. ठरावाला उशीर झाला, पण झाला तो टिकला.

त्या रात्री मला आजी आठवली. धनगराच्या घरात जन्मूनही मला हा प्रश्न सुचला नव्हता. माझ्या आजीचा, कोकरं कोण राखणार, हा प्रश्न जसा ऐकला गेला, तसाच शेरडांचाही ऐकला गेला. मधे तीस-पस्तीस वर्षं लोटली होती, माणसं निराळी होती. तरी वळण तेच. गरिबाची अडचण ही आपल्या कामातला अडथळा नाही, कामाची सुरुवातच तिथून आहे, हे मिशननं आपल्या माणसांत किती खोल रुजवलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. उपकारापलीकडचं नातं म्हणतात ते हे. लहानपणी ज्या रांगांची मला लाज वाटायची, त्या रांगा मिशननं स्वतःच मागे टाकल्या होत्या. धान्य वाटण्यापासून धान्याच्या बदल्यात कामापर्यंत आणि तिथून गावाच्या हाती हिशेब देण्यापर्यंत ते शंभरेक वर्षांची वाट चालले होते. एवढी जुनी संस्था स्वतःला बदलते, त्यामागे किती नम्रता लागत असेल.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे गाव अनेकांनी पाहिलं असेल. तिथे पाऊस वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. 1996 पूर्वी एप्रिल ते जुलै टँकरशिवाय भागत नसे, गावात जेमतेम तीन-चार महिने शेतीचं काम मिळायचं. 1996 ते 2001 या काळात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. टँकर थांबला आणि शेतीतलं काम नऊ-दहा महिने मिळू लागलं. आम्ही आमच्या गावकऱ्यांना तिथे दाखवायला न्यायचो. ते विहिरीत वाकून पाणी बघत आणि मग तिथल्या बायकांशी बोलत. त्यांना आमच्या भाषणांपेक्षा त्या बायकांचं बोलणं पटे. सगळीच गावं दरेवाडी झाली नाहीत. काही ठिकाणी पाणी आल्यावर ऊस आला, बोअर पडल्या आणि मिळालेलं पाणी पुन्हा उपसलं गेलं. तेही मी पाहिलं आहे. पण जिथे गाव एक राहिलं तिथे काम टिकलं.

अण्णांची तब्येत ढासळली तसा मी घरी परतलो. विम्कोतली नोकरी संपवून ते बदलापूरला आले होते. मी पुन्हा साइटवर काम धरलं. त्या वर्षांत बदलापूर वेगानं वाढत होतं. भाताची खाचरं भरून टॉवर उभे राहत होते, ज्या खाचरांत कधी आजोबांच्या मेंढ्या बसल्या असतील. पाऊस इथे दरेवाडीच्या पाच-सहा पट. 26 जुलै 2005 चा पूर इथल्या लोकांनी भोगला आहे आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली ते सगळ्या देशानं पाहिलं. आणि इथल्याच डोंगरांच्या कुशीतल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर मार्च उलटला की बायका ओढ्याच्या वाळूत डवरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरतात. पावसाळ्यात स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, भारंगी विकायला बसणाऱ्या याच बायका. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून भाजी घेत होतो. त्या कुठून येतात, हे विचारलं नव्हतं. एकदा विचारलं आणि पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर वर गेलो.

तिथलं काम लहान आहे आणि माझा त्यातला भाग त्याहून लहान. पाड्याच्या वर एक झरा होता, तो दरवर्षी आधी आटू लागला होता. तो का आटतो, हे एका म्हाताऱ्या कातकरणीनं मला सांगितलं. उतारावर दर उन्हाळ्यात वणवा लागतो, खालून मुरूम नेतात, वर गवत उरत नाही. मी नगरला शिकलेली माथ्यापासून सुरुवात हीच गोष्ट ती तिच्या परीनं सांगत होती. जमीन जंगलाची, म्हणून वनहक्क समितीमार्फत रीतसर परवानगी घेतली. पाड्यातल्या पोरांनी बांबू तोडून ए-फ्रेम बांधली. फक्कीऐवजी चुलीतली राख वापरली. घळींत दगडाचे छोटे बांध घातले, वणव्याच्या आधी जाळपट्टे काढले. पूर्वी मार्चअखेर आटणारा झरा आता चांगल्या वर्षी मेपर्यंत तग धरतो. टँकर अजून लागतो, पण उशिरा लागतो.

त्याहून मोठा प्रश्न होता पोरांचा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पोरं बरोबर जातात आणि शाळा सुटते. मेंढ्यांमागचं आमचं घर आणि भट्टीवरचं यांचं घर, महिने तेच आणि रान तेच. पाड्यावरच्या एका हुशार मुलीला आश्रमशाळेत ठेवा, असं मी तिच्या आईला सांगायला गेलो. तिनं विचारलं, मग तान्ह्याला कोण धरणार? आम्ही दोघं विटा पाडतो. मी गप्प राहिलो, कारण या प्रश्नाचा मान कसा ठेवायचा हे मला माझ्या आजीची पट्टी बांधणाऱ्या सिस्टरनी शिकवलं होतं. मी विचारलं, तान्हं चालायला कधी लागेल? पुढच्या दिवाळीपर्यंत, ती म्हणाली. पुढच्या दिवाळीच्या आधी मी गेलो. मधल्या काळात पाड्यातल्या बायकांनीच आपसांत ठरवलं होतं की भट्टीवर न जाणारी एक आजी दोन-तीन घरांची लहानगी सांभाळेल आणि तिला त्या धान्य देतील. ती मुलगी शाळेत राहिली. ही युक्ती माझ्या डोक्यात कधीच आली नसती. मला फक्त थांबायचं होतं आणि परत जायचं होतं.

2021 मध्ये फादर बाखर स्वित्झर्लंडमध्ये वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षी आलेला माणूस साठेक वर्षं आपल्या दुष्काळी मुलखात राबला. बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोर्डिंगातल्या फादरांची, सिस्टरांची नावं एकेक करून घेतली, जशी आपण पितरांची घेतो. त्यांतल्या कुणाची समाधी नगरला आहे, कुणी परदेशात म्हातारपणी गेलं, कुणाचा काहीच पत्ता नाही. त्यांच्यापैकी कुणीही आमच्या घरून कधी काही मागितलं नाही. हे ऋण त्यांना परत करायचं ठिकाणही आता उरलं नाही.

पण देणं उरतं आणि ते फिरवता येतं, असं मी मानतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या पुष्कळ घरांत आज बारवी धरणाचं पाणी येतं. माझ्याही येतं. त्या धरणासाठी आणि पुढे त्याची उंची वाढवण्यासाठी गावं-पाडे उठले, शेतं बुडाली. त्याच डोंगरांत राहणाऱ्या बायका उन्हाळ्यात डवऱ्यावर रांग लावतात. म्हणजे मी ज्या मिशनचा ऋणी आहे, त्या ऋणाला इथे आणखी एक ऋण येऊन मिळालं आहे आणि ते माझ्या एकट्याचं नाही. नळ उघडणाऱ्या प्रत्येक घराचं आहे. ते फेडायला फार मोठं काही करावं लागेल असं नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा पाड्याचाही काढावा. उन्हाळ्याआधी एकदा वर जाऊन यावं. आणि काय हवं ते आपण ठरवून नेऊ नये, तिथल्या माणसांना विचारावं, त्यांची अडचण पुरती ऐकून घ्यावी, आणि पुढच्या साली येतो म्हटलं तर पुढच्या साली जावं. मला मिशनकडून मिळालं ते एवढंच आहे. ते पुढे देता आलं, तर माझ्या आजीचा आणि त्या सिस्टरांचा हिशेब काही अंशी चुकता होईल.